प्रतापरावांचा गोल

आठ दिवस झाले, आभाळ धड कोसळत नव्हतं आणि धड उघडतही नव्हतं. बंगळूरचा ऑगस्टातला पाऊस असाच. वर कुणीतरी बसून ओलं फडकं झटकत राहावं, तसा. छत्री उघडायची लाज वाटते आणि न उघडावी तर दुपारपर्यंत सदरा पाठीला चिकटतो. शिवाजीनगरात, मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या कल्लाप्पाच्या दुकानात या पावसाचा त्रास वेगळाच. चामडं वाळत नाही. भिजत घातलेला तळव्याचा तुकडा सकाळी कुंडीतून काढायचा, दगडावर ठेवून हातोडीनं ठोकायचा, दोरीवर टाकायचा, आणि संध्याकाळी हात लावावा तर पुन्हा ओल्या पोळीसारखा लिबलिबीत.

त्या सोमवारीही तो हेच करत बसला होता. एका शाळेच्या फुटबॉल संघाचे अकरा जोड बूट शनिवारपर्यंत द्यायचे होते. वय त्रेसष्ट, केस पांढरे, पण हात अजून बिनचूक. बिनचूक नव्हता तो फक्त उजवा पाय. हात काम करत असताना त्याचा उजवा पाय आपला आपण हालायचा. टाच टेकलेली, चवडा वरखाली. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. बायकोला, जमनाबाईला, चाळीस वर्षांत झाली नव्हती.

"पाय हाय का शिवणाचं मशीन?" चहाचा पेला ठेवता ठेवता ती म्हणाली. "बसल्या जागी म्हैसूरपातूर चालत गेला असशील आजपातूर."

"जाऊन परत बी आलो. तुला कळलं नाही."

एवढ्यात त्रिविक्रम आला. त्रिविक्रम म्हणजे कॉलेजातला खेळाचा मास्तर, चाळिशीचा, बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातला. कॉलेजचे फाटके चेंडू आणि उसवलेले बूट गेली दहा वर्षं तो इथंच आणायचा. आज त्याच्या हातात कापडी पिशवी होती, आणि ती त्यानं देवाचं काही आणल्यासारखी दोन्ही हातांनी धरली होती.

"अण्णा, हे स्वल्प जपून हं," तो म्हणाला. "रविवारी कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आहे. हा काचेच्या पेटीत ठेवायचाय. त्रेपन्न साली आपण कप जिंकला ना, त्या फायनलचा चेंडू. नवा ब्लॅडर घालून, हवा भरून, स्वल्प पॉलिश करून द्या. शुक्रवारी सकाळी नेतो."

पिशवीतून चेंडू निघाला. वाळून सुरकुतलेला, बसकट, एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखा. कल्लाप्पानं तो हातात घेतला आणि सवयीनं आधी वादीची बाजू वर केली. जुन्या चेंडूंना तोंड असायचं. त्यातून ब्लॅडर आत सारायचा, हवा भरायची आणि ते तोंड चामड्याच्या वादीनं बुटासारखं आवळून बंद करायचं. त्या वादीचं टोक कुठं खुपसायचं, हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं. सगळे उजवीकडं खुपसतात. या चेंडूचं टोक डावीकडं, दोन टाक्यांखालून जाऊन पुन्हा स्वतःवरच मुरडलं होतं.

कल्लाप्पाचा पाय थांबला.

"पाटीसुद्धा लावणार आहोत," त्रिविक्रम सांगत होता. "संगमरवरी. अकरा जणांची नावं. आणि ज्यांनी तो एकमेव गोल मारला ते प्रतापराव अजून आहेत, आमच्याच गल्लीच्या पुढं. ते भाषण करणार. तुम्ही बघितला असेल की हो त्यांचा खेळ, अण्णा, त्या काळात?"

"जवळनं," कल्लाप्पा म्हणाला.

त्रिविक्रम गेला. कल्लाप्पानं चेंडू बुटांच्या लाकडी फरम्यांच्या फळीवर ठेवला आणि बूट पुढ्यात ओढला. पण आरी चामड्यात शिरेना. पायानं पुन्हा चाल धरली होती, आता दुप्पट.

कल्लाप्पा जातीनं समगार, म्हणजे कन्नड मुलखातला चांभार. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि तमिळ, छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या बुटांपुरती इंग्रजी. बाप डावखुरा. डाव्या हातानं चामडं कापायची रापी चालवायचा, डाव्या हातानं वादी ओढायचा, आणि पोरानं बघून बघून काम उचललं ते बापाच्याच वळणानं. पोर उजव्या हाताचं, पण गाठ मात्र डावी. छावणीतल्या पलटणींचे चेंडू दुरुस्तीला यायचे. दुरुस्त झालेला चेंडू धड झाला की नाही, हे बघायला तो मारून बघावा लागतो. पोराचा खेळ असा सुरू झाला. अनवाणी, दुकानासमोरच्या उतारावर, कामाचा भाग म्हणून.

मॅट्रिक झाला तो गल्लीतला पहिला. कॉलेजात गेला तोही पहिला. आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात शिरला, तेव्हा नुसत्या गल्लीतला नव्हे, साऱ्या समगारांतला पहिला. पोरं वाईट नव्हती. चेंडू त्याच्याकडं द्यायची, त्यानं गोल मारला की मिठी मारायची. खेळ संपला की पाणी मात्र वरून ओतायची. तो ओंजळ धरायचा. मैदानात तो सगळ्यांना अरे-तुरे करायचा, रेषेबाहेर पाऊल पडलं की "अहो प्रतापराव". कुणी शिकवलं नव्हतं.

हे प्रतापराव संघातले दुसरे पुढचे खेळाडू. शहाजीराजांबरोबर आलेल्या स्वारांचं घराणं म्हणून सांगणारे, स्वभावानं गरीब. त्रेपन्न सालच्या फायनलच्या चार दिवस आधी त्यांचा घोटा मुरगळला. सामना बाहेरगावी होता, एका संस्थानी गावात. तिथल्या यजमानांची रीत अशी की दोन्ही संघांनी आदल्या रात्री वाड्यावर एका पंगतीत जेवायचं. पंगतीत बसवता येणार नाही असा कुणी आणू नये, हे त्यांनी पत्रातच लिहून टाकलं होतं. तेव्हाचे खेळाचे मास्तर दोन दिवस डोकं धरून बसले. कल्लाप्पाशिवाय कप नाही आणि कल्लाप्पासकट पंगत नाही. शेवटी त्यांनी यादीत प्रतापरावांचं नाव तसंच ठेवलं आणि कल्लाप्पाला बाजूला घेऊन सांगितलं, "एका सामन्यापुरतं. तू प्रतापराव."

पंगतीत वाढपी त्याला वाकून म्हणाला, "रावसाहेब, आणखी एक पोळी." ती पोळी कल्लाप्पाला गिळता आली नव्हती. पानात टाकताही आली नव्हती. त्यानं ती खिशात घातली.

आणि दुसऱ्या दिवशी, सामन्याच्या मध्यंतरात, त्यानं घोळ घातला. गोलकीपर रंगनाथच्या बुटाचा स्टड निघाला होता. तेव्हाचे स्टड चामड्याच्या चकत्यांचे, तीन खिळ्यांनी ठोकलेले. कल्लाप्पानं विचारसुद्धा केला नाही. बूट काढून घेतला, मांडीत धरला, खिळे ओठांत धरले आणि दगडानं तीन ठोक्यांत स्टड बसवला. तेवढ्यात पंचांनी वादी सैल झालेला चेंडू पुढं केला, तर तोही ओढून गाठ मारून दिला. मान वर करतो तो समोर यजमानांचे कारभारी उभे.

"सरदाराच्या पोराला हे कुठनं येतं?"

मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती. "घोडदळातलं घराणं, साहेब. नाल ठोकायचा हात आहे."

कारभारी हसले. उत्तरार्धात गोल झाला. एकच. कप आला.

परतल्यावर कॉलेजच्या फाटकात पोरांनी प्रतापरावांना खांद्यावर घेतलं, कारण पेपरात त्यांचं नाव होतं. लंगडत्या पायाचे प्रतापराव नको नको म्हणत होते. मागच्या बाजूला एक खांदा कमी पडत होता, तिथं कल्लाप्पानं आपला दिला. आठवड्यानं संघाचा फोटो निघाला. त्याला कुणी निरोपच दिला नाही. पुढच्या वर्षी तो कॉलेजात गेला नाही. बाप आजारी पडला म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. बाप आजारी होता, हे खरंच होतं.

मंगळवारी कल्लाप्पानं चेंडू पिशवीत घातला आणि जमनाबाईला "येतो" एवढंच सांगून बस पकडली. बसमध्ये बसायला जागा होती, तो उभाच राहिला.

बसवनगुडीत घर सापडायला वेळ लागला नाही. दारात प्रतापरावांची सून हेमलता आली. कल्लाप्पाच्या बोटांवरचा काळा रंग आणि हातातली पिशवी बघून तिनं आत हाक दिली, "अप्पा, चपलावाले आलेत. तुम्ही बोलावलं होतंत?"

प्रतापराव बाहेर आले. अंगानं सुटलेले, गुडघ्यांना पट्टे. क्षणभर बघत राहिले.

"चपलावाले नाहीत," ते सुनेला म्हणाले. "कॉफी कर. दोन."

कॉफी आली, दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत. आपण पेले सारखे आहेत का ते बघितलं, हे कल्लाप्पाच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"मला वाटतच होतं तू येशील," प्रतापराव म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं वाटतंय. फार उशीर केलास."

"बोलवायचं होतं की तुम्ही."

"कुठल्या तोंडानं?"

 मग प्रतापरावांनी समोरचा कागद उचलला. भाषणाचा होता. दोन ओळी लिहून खोडलेल्या.

"तो गोल सांगा म्हणतात. काय सांगू? मला तो दिसलासुद्धा नाही. दोन प्रतापराव नकोत म्हणून मास्तरांनी मला लोकांत बसवलं होतं आणि पुढं एक जाडा माणूस छत्री धरून उभा. आरडाओरडा झाला तेव्हा कळलं की मी गोल मारला." ते स्वतःशीच हसले. "नातू विचारतो, अप्पा, कसा मारलात? दर वेळी वेगळा सांगतो. एकदा डोक्यानं मारला, एकदा मैदानाच्या मधनं. पोरगं हुशार आहे, आता विचारत नाही."

"तुम्ही नंतर खेळणं का सोडलंत?"

"खेळू कुठं देत होते? चेंडू पायाशी आला की सगळं मैदान म्हणायचं, तसा मार, त्या दिवशीसारखा. माझ्याच्यानं होणारं का ते? एका वर्षात पाय भ्यायला लागले." त्यांनी पेला खाली ठेवला. "खरंच, कसा मारलास?"

कल्लाप्पानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. शब्द कुठनं आणायचे, इथपासून तयारी. त्यानं पिशवीतून चेंडू काढून मांडीवर ठेवला.

"पाऊस होता. चेंडू भिजून दगड झालता. डावीकडनं उंच आला, फिरत. मला गाठ दिसली. मीच मारलेली. गाठीच्या बाजूला पाय लागला तर चेंडू भरकटतो, म्हणून मी थांबलो. सगळे ओरडालते, मार, मार. मी अर्धी गिरकी जाऊ दिली. गाठ पलीकडं गेली, तेव्हा मारला. सरळ गेला."

"एवढंच?"

"एवढंच."

प्रतापरावांनी सुस्कारा सोडला, कुणीतरी पाठीवरचं ओझं हलवून नीट लावल्यासारखा. उतरवलं नव्हतं, नुसतं नीट लावलं होतं.

"आता काय करूया म्हणतोस?"

"पाटीवर माझं नाव पायजे," कल्लाप्पा म्हणाला. म्हणाला आणि त्याचे कान तापले. बसमध्ये उभं राहून त्यानं बरंच काही ठरवलं होतं, हे एवढं उघडं नव्हतं ठरवलं.

"ते मी आजच्या आज सांगीन रे. पण दुसऱ्याच्या नावानं माणूस खेळवला म्हटल्यावर सामनाच खोटा. कप परत मागतील. रंगनाथ गेला, त्याची बायको येणार आहे रविवारी, तिला शाल देणार आहेत. बाकीच्यांनी काय केलं होतं? आपापल्या नावानं खरे खेळले ना ते?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला शाल द्यायला सांगू? सर्वांत जुने कारागीर म्हणून?"

कल्लाप्पा उठला. चेंडू पिशवीत गेला.

"शाल ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "थंडी नाही अजून."

बुधवार गेला, गुरुवार गेला. शाळेच्या बुटांतले सात जोड झाले, पण त्यातल्या दोनांचे स्टड त्यानं उलटे बसवले आणि पुन्हा उपसले. असं त्याच्या हातून पोरवयातही झालं नव्हतं. नवा ब्लॅडर आणून ठेवला होता. चेंडू मांडीत घेतला, रापीची धार वादीवर टेकवली. वाळून लाकूड झालेली वादी सोडवता येण्यासारखी नव्हती, कापावीच लागणार होती. आणि ती कापली की त्या दिवशी तो तिथं होता याची एवढीही खूण जगात उरणार नव्हती. रापी खाली ठेवली. पुन्हा उचलली. उठून दारापर्यंत गेला, आभाळ बघून आला.

"काय चाललंय तुझं?" जमनाबाई शेवटी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "चेंडू हाय का अंडं? उबवालास?"

त्यानं सांगितलं. पहिल्यापासून, पोळीसुद्धा सांगितली. जमनाबाईनं मधे एक शब्द काढला नाही, आणि हे तिच्याबाबतीत नवलच.

"त्याच्या नावानं खेळलास," ती मग म्हणाली. "त्याच्या नावानं जेवलास. त्याला उचलायला खांदा दिलास. आता त्याच्या पेटीसाठी चेंडू बी शिवून दे. जमलं तर रविवारी टाळ्या वाजवायला बी जा."

"कप जाईल म्हणतात. दहाजणांचा हाय तो."

"मग त्या दहाजणांना म्हाईत नव्हतं व्हय, तू कोण ते?"

 हे कल्लाप्पाला त्रेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. ती पंगत, तो स्टड, ते खांदे. दहाही जण तिथंच होते.

"तुझ्यामागनं ह्या गल्लीतली सात पोरं कॉलेजात खेळली," जमनाबाई उठता उठता म्हणाली. "सगळी आपापल्या नावानं. कुणामुळं, ते त्यांनला बी कळू दे की जरा."

शुक्रवारी सकाळी त्रिविक्रम आला. फळीवर चेंडू तसाच बसकट, तसाच सुरकुतलेला.

"अण्णा, झालं नाही?"

"हुणार नाही. बसा."

कल्लाप्पानं सांगितलं ते फार थोडक्यात. त्रिविक्रम आधी हसला, मग हसायचा थांबला.

"अण्णा, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण कमिटीला काय दाखवू? जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. पेपरचं कात्रण आहे, त्यात प्रतापराव आहेत."

कल्लाप्पानं फळीखालून दुसरा चेंडू ओढला, गल्लीतल्या पोरांचा, जुन्याच वळणाचा. वादी ओवली, गुडघ्यात धरून आवळली, टोक डावीकडं दोन टाक्यांखालून घेतलं, मुरडलं. मग दोन्ही चेंडू शेजारी ठेवले. त्रिविक्रम वाकून बघत राहिला. एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं.

"बंगळुरात असं कोण बांधत नाही," कल्लाप्पा म्हणाला. "बाप बांधायचा. तो त्या सामन्याला नव्हता."

गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. आतून आधी काठी आली, मग पट्टा बांधलेला गुडघा, मग प्रतापराव. चिखल चुकवत, भिंतीला धरत ते दुकानापर्यंत आले आणि गिऱ्हाइकांच्या बुटक्या स्टुलावर धपकन बसले.

"सर, तुम्ही इथं?" त्रिविक्रम उभा राहिला.

"पाटी कोरून झाली?"

"आज देणार होतो कोरायला."

"मग ऐक. तीन दिवस भाषण लिहून खोडतोय, खोटं लिहवेना. अकरावं नाव याचं. गोल याचा. माझं नाव घालायचंच असेल तर खाली, बारावं. पाय मुरगळल्यामुळं खेळले नाहीत, असं स्पष्ट लिही. रविवारी मी हेच बोलणार आहे. कमिटीनं बोलू दिलं नाही तर फाटकात उभा राहून बोलीन. गुडघे दुखतात, पण तेवढा वेळ उभा राहीन."

"सर, कप जाईल. हरलेल्या कॉलेजला कळलं तर..."

"परत द्यायचा तर मला द्या," कल्लाप्पा म्हणाला. "मी नेऊन देतो. गाव म्हाईत हाय मला."

प्रतापराव हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. "बसनं जाणार?"

"उभ्यानं. तू येतोस?"

तोंडातून 'तू' गेलं ते कल्लाप्पाच्या नंतर लक्षात आलं. प्रतापरावांच्या आधीच आलं असावं, कारण त्यांनी लगेच मान डोलावली.

त्रिविक्रम चेंडू हातात धरून उभा होता. "कमिटी काय म्हणेल, मला खरंच सांगता येत नाही, अण्णा. भांडावं लागणार."

"भांडा की. पण तो असाच ठेवायचा पेटीत. हवा नको, पॉलिश नको. गाठीची बाजू वर."

"सरी, तसंच करतो," त्रिविक्रम म्हणाला, आणि पिशवीत न घालता, चेंडू तसाच छातीशी धरून निघाला. प्रतापराव स्टुलावरून उठेनात. एक चप्पल काढून त्यांनी पुढं सरकवली. अंगठा तुटायला आला होता. कल्लाप्पानं ती उलटी करून बघितली आणि बाजूला ठेवली.

"थांबावं लागेल. आधी पोरांचे बूट."

"थांबतो."

आतून जमनाबाईचा आवाज आला, कुंडीतले तळवे कधीपासून भिजालेत, लगदा झाला की मग बसशील कपाळाला हात लावून. आभाळ होतं तसंच होतं. कल्लाप्पानं बाही वर केली, कुंडीत हात घालून एक तळवा काढला, दगडावर पसरला आणि हातोडी घेतली. चार जोड राहिले होते, आणि शनिवार उद्यावर आला होता. उजवा पाय हालायचा तो हालतच होता.